सही की अंगठा?

जगातली निम्मी भांडणे एकाच खात्यात दोघांनी एकदम हात घातल्याने होतात, असा बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याचा सिद्धान्त आहे. शिल्लक १००० रुपये. एका खिडकीवर नवरा २०० भरतो, दुसरीवर बायको ३००. दोन्ही कारकुनांनी हजारच वाचले, तर शेवटी खात्यात १२०० तरी राहतील नाहीतर १३००. दीडहजार कुणाच्याच नशिबी नाहीत!

संगणकाच्या पोटातही असे अनेक कारकून एकाच आकड्यावर तुटून पडतात. म्हणून तिथे ‘अ‍ॅटॉमिक’ व्यवहार असतो : वाचणे, बेरीज, लिहिणे सगळे एका दमात, मधे कुणी बोट घालायचे नाही. ६४-बिट ‘आर्म’ प्रोसेसरांत याच्या दोन रीती. जुनी अशी : आकडा वाचा, बेरीज करा, लिहायला जा, मधे कुणी हात लावला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. गर्दी वाढली की हेलपाटे वाढले. २०१४ साली जाहीर झालेल्या ८.१ आवृत्तीत ‘एलएसई’ सूचना आल्या. तेच काम एका हुकमात. ‘रास्पबेरी पाय ४’ला त्या ठाऊक नाहीत, ‘पाय ५’ला आहेत.

आता प्रोग्रामरांचे दोन पंथ. एक म्हणतो, सर्वांना जुनीच रीत. म्हणजे आजोबांना एटीएम जमत नाही, म्हणून सगळ्या गावाने टोकन घेऊन बाकावर बसायचे! दुसरा म्हणतो, नवीच ठेवा, जुनी यंत्रे फेका. फेका म्हणणारा नव्या यंत्राचे पैसे मात्र देत नाही. आणि जुन्या यंत्राला अनोळखी हुकूम मिळाला, की प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा.

अहो, विचारा की! प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच विचारायचे, ‘एलएसई आहे का?’ उत्तराची खूण करून ठेवायची आणि दरवेळी ती पाहून रीत निवडायची. लिनक्सवरचा ‘जीसीसी’ कंपायलर २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून न सांगता हेच करतो. ‘खूण पाहण्यात वेळ जातो,’ ही हरकत मला मान्य आहे. जातो, चिमूटभर. त्याच्या बदल्यात एकच प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांवर चालतो, हा सौदा काय वाईट आहे?

अट एकच. एकाच आकड्यावर निम्म्यांनी कुलूप लावून व्यवहार करायचा आणि निम्म्यांनी कुलुपाकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हे चालणार नाही. रीती दोन असोत, हिशेब एकच हवा.

खिडकीवर आम्ही विचारतोच ना, ‘सही करता की अंगठा?’ अंगठेवाल्याला कुणी हाकलत नाही आणि सहीवाल्याच्या बोटाला कुणी शाई फासत नाही. पैसे दोघांचेही सारखेच मोजतो.