एकाला शंभर

पावसाळ्यात मी पुण्याच्या रेसकोर्सवर जातो तो पैसे लावायला कमी आणि घोडे बघायला जास्त. एकतीस वर्षं सरकारी नोकरीत गुरांचा डॉक्टर होतो, त्यामुळे पॅडॉकमध्ये घोडा फिरताना दिसला की आधी त्याचे पाय बघतो, मग रेसबुक. शेजारची मंडळी आधी भाव बघतात, आणि मग त्या भावाला शोभेल असाच घोडा त्यांना दिसतो.

तिथंच एका जुन्या मित्राशी वाजलं. विषय निघाला नॉर्टन्स कॉइन या घोड्याचा, आणि मित्र म्हणाला, ‘‘लॉटरी होती रे ती!’’

15 मार्च 1990. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा गोल्ड कप. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्यात घोडे सपाट मैदानावर पळतात. तिथं सव्वातीन मैल पळायचं आणि वाटेत 22 अडथळे उडी मारून पार करायचे. आदल्या वर्षी हाच कप चिखलात जिंकलेला डेझर्ट ऑर्किड हा पांढुरका घोडा म्हणजे सगळ्या देशाचा लाडका. त्याचा भाव इतका आखडला होता की अकरा पौंड लावले तर दहा सुटणार. आणि नॉर्टन्स कॉइनचा भाव एकाला शंभर. शर्यतीच्या पुस्तिकेत तर असं छापलं होतं, की हा पहिल्यापेक्षा शेवटच्या नंबराचा उमेदवार.

त्याचा ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स हा वेल्समधल्या कार्मार्दनजवळचा दूधवाला शेतकरी. पूर्ण लायसन नाही, नुसतं परमिट. म्हणजे स्वतःचे आणि घरच्यांचे घोडे तयार करायची तेवढी मुभा. घोडे किती, तर तीन. त्या दिवशी पहाटे त्यानं गाईंच्या धारा काढल्या, घोडा गाडीत चढवला आणि चेल्टनहॅमला नेला. खरं तर गोल्ड कपात उतरायचा त्याचा बेतही नव्हता. एका लहान शर्यतीत घोडा नियमात बसेना, दुसरीत नाव द्यायची मुदत टळून गेली. पीकविम्याची शेवटची तारीख हुकलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटचा अडथळा पार झाला तेव्हा पुढे होता टोबी टोबायस, जेनी पिटमन या नावाजलेल्या बाईंच्या तबेल्यातला, वर त्यांचाच मुलगा मार्क. चढावर जॉकी ग्रॅहम मॅकोर्टनं नॉर्टन्स कॉइनला बाजूनं काढलं आणि पाऊण लांबीनं शर्यत मारली. डेझर्ट ऑर्किड तिसरा.

ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण त्या पहाटेच्या धारा हटकून सांगतो. कौतुकानं सांगतो, पण सूर असा, की बघा बुवा, गवळ्याला लागला जॅकपॉट. माझं भांडण या सुराशी आहे. त्या दिवशी मैदान कोरडं होतं आणि घोड्यानं कोर्सचा विक्रम मोडला. पुढचे सगळे अडखळून पडले आणि मागचा आयता जिंकला, असं काही तिथं घडलं नाही. आदल्या वर्षी याच मेळ्यातल्या एका शर्यतीत तो दुसरा आला होता. हे सगळं कागदावर होतं. तरीही एकाला शंभर! हा भाव घोड्याचा नव्हता, त्याच्या मालकाच्या गोठ्याचा होता.

पुन्हा काही त्याला गोल्ड कप मिळाला नाही, असं मित्र म्हणाला. खरंय. पण मोठ्या तबेल्याच्या घोड्यानं एकदाच कप मारला, तर त्याला लॉटरी कोण म्हणतं?

आणि धारांचं म्हणाल, तर मला तेच त्याचं ट्रेनिंग वाटतं. रोज पहाटे चारला जनावराच्या कुशीला डोकं टेकवून बसलेल्या माणसाला जे कळतं, ते थर्मामीटरला उशिरा कळतं. शंभर घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार ट्रेनरला सांगणार, तेव्हा त्याला समजणार. तीनच घोडी असली की कुणी आंबोण अर्धवट ठेवलं, कुणाची लीद पातळ झाली, हे मालक स्वतः बघतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिरूर तालुक्यात होतो तेव्हा एका शेतकऱ्यानं रात्री बोलावून घेतलं. गाईला ताप नाही, रवंथ चालू, दूध लिटरभर कमी. ‘‘मग काय झालंय?’’ मी जरा वैतागूनच विचारलं.

‘‘सायेब, आज ती माझ्याकडं बघंना.’’

मी हसलो. पोटाची पावडर दिली, एक इंजेक्शन टोचलं आणि घरी येऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी गाय पाठ कमानीसारखी करून उभी, उतारावरून चालताना कण्हायची. तालुक्याला नेऊन पोट उघडलं, तर पोटाच्या जाळीदार कप्प्यात रुतलेली तार निघाली. गाय वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं ते गेलंच. त्या रात्री त्या माणसाला मीच एकाला शंभर भाव लावला होता. का, तर त्याच्या अंगावर फाटका बनियन होता आणि माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. ती तार मात्र त्यानं धुऊन पुसून गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवली. बोटाएवढी असेल, एका टोकाला वाकलेली. पुढे बदली होईपर्यंत मी त्या गोठ्यात पाचसहा वेळा तरी गेलो, आणि दर वेळी त्या खुंटीकडे पाठ करूनच उभा राहिलो.