पार्सल हा वेगळा माल आहे

खडकी हे छावणीचे गाव. १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बॉम्बे सॅपर्सचे मुख्य ठाणेही येथेच आहे. परमुलखातून आलेला शिपाई, ड्युटीवरून सुटलेला कामगार आणि रेल्वेने उतरलेला प्रवासी, या तिघांच्या भुकेवर खडकी बाजारातील खाण्याचा धंदा वाढला. त्यामुळे परक्या पदार्थाचे या बाजाराला कधी वावडे नव्हते. पाव-बिस्किटे आली, इराण्याचा चहा आला, चायनीजच्या गाड्या आल्या. आता वाफेचे पदार्थ आले आहेत. मोमो सर्वांना ठाऊक झाला. डिमसम हा त्याचाच चिनी भाऊबंद. हा पदार्थ पार्सल नेऊन घरी खाणाऱ्यांची संख्या वाढत आहे, आणि आमच्या व्यापारी बांधवांनी विचार करावा तो या गिऱ्हाइकाचा.

डिमसम हा मूळचा दक्षिण चीनच्या कॅन्टन प्रांतातील चहाखान्याचा पदार्थ. चहाबरोबर तोंडात टाकायचे छोटे घास, वेताच्या टोपलीत तीन-तीन, चार-चार मांडून वाफवलेले. पातळ पारीत कोळंबीचे सारण भरले की हार-गाव, वरून उघडा ठेवला की शूमाय, आंबवलेल्या पिठाचा फुगीर गोळा म्हणजे बाव. आपल्याला यात नवे काय? उकडीचा मोदक याच जातीचा. कोकणी मुस्लिम घरातील सांदणही वाफेवरच होते. पारी, सारण आणि वाफ ही विद्या आमच्या माताभगिनींना कोणी चीनहून येऊन शिकवायला नको.

मग अडते कोठे? अडते ते दुकान आणि घर यांच्यामधल्या वाटेवर.

टोपलीतून काढलेला डिमसम जागेवर उत्तम लागतो. तोच झाकणबंद डब्यात कोंबून अर्ध्या तासाने घरी उघडला की वेगळाच होतो. वाफ झाकणाला लागून तिचे पाणी होते, ते पाणी पारीवर ठिबकते, पारी चिकट होऊन एकमेकीला धरते आणि उचलताना फाटते. सारण एकीकडे, आवरण दुसरीकडे. उशीर झाला तर उलटेच होते. पिठातील सत्त्व थंड होताना घट्ट होते आणि पारी चामड्यासारखी लागते. गार मोदक ज्याने खाल्ला आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. माल चांगला होता, कारागीर चांगला होता, तरी गिऱ्हाईक म्हणते, "तेथले काही खास नाही." ते तक्रार करीत नाही, फक्त पुन्हा येत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की पार्सल म्हणजे टेबलावरच्या मालाला घातलेली पिशवी नव्हे. पार्सल हा वेगळा माल आहे, आणि तो वेगळाच बनवला पाहिजे. पारी किंचित जाड ठेवावी. डब्याच्या तळाशी कोबीचे पान किंवा केळीचे पान घालावे. नग एकमेकांना न चिकटता मांडावेत. झाकणाला हवेसाठी छिद्र असावे. चटणी वेगळ्या डबीत द्यावी. आणि गिऱ्हाइकाला दोन वाक्ये छापून द्यावीत: "घरी पोचताच झाकण उघडा. गार झाल्यास मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात तीन-चार मिनिटे वाफ द्या." हा कागद छापायला काही पैसे लागतील, पण गेलेले गिऱ्हाईक परत आणायला त्याहून फार अधिक लागतात.

घरी खाणारे गिऱ्हाईक कोण आहे, हेही पाहावे. गाडीपाशी उभे राहून खाणारा तरुण कोठेही खाईल. पण वडीलधारी माणसे, लहान मुले आणि घरातील स्त्रिया यांना रस्त्यावर उभे राहून खाणे जमत नाही. पार्सल त्यांच्यासाठी जाते. घरात एक माणूस खात नाही, पाच-सहा माणसे खातात. म्हणून गाडीवरच्या एका प्लेटपेक्षा पार्सलचे बिल मोठे असते.

आमच्या घरांत आणखी एक प्रश्न असतो. चिनी डिमसमच्या अनेक जातींत डुकराचे मांस असते, म्हणून पुष्कळ घरे हा पदार्थ मागवतच नाहीत. हाँगकाँगमध्ये वांचाय भागातील मस्जिद अम्मार व उस्मान रामजू सादिक इस्लामिक सेंटरच्या उपाहारगृहाने हलाल डिमसमसाठी नाव कमावले ते याच गरजेतून. कोंबडीचा किंवा बोकडाचा खिमा, विश्वासाचा खाटीक आणि दुकानावर स्पष्ट पाटी, एवढ्यावर आमचा कारागीर हे गिऱ्हाईक मिळवू शकतो. मात्र पाटीमागे स्वच्छताही हवी. शिजलेला माल ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावा, कच्चे सारण बर्फात ठेवावे. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. थर्माकोलच्या डब्यांवर महाराष्ट्रात त्याच वर्षी बंदी आली.

काहीजण म्हणतील, मोबाईलवरून माल घरपोच करणाऱ्या कंपन्या आहेत, आपण कशाला डोके शिणवा? त्या कंपन्या गिऱ्हाईक आणून देतात हे खरे. १ जानेवारी २०२२ पासून त्यांच्यामार्फत विकलेल्या जेवणाचा जीएसटीही त्याच भरतात. पण त्यांची दलाली बिलातून जाते. समजा शंभर रुपयांतून पंचवीस गेले आणि माल, गॅस, भाडे व मजुरी यांत पासष्ट गेले, तर हाती दहा उरले. चार रस्ते पलीकडच्या घरालाही आपण दलालामार्फत माल देत असू, तर तो तोटा आपणच ओढवून घेतलेला आहे. लांबचे गिऱ्हाईक कंपनीकडून घ्यावे, जवळच्याला आपला फोन नंबर द्यावा आणि आपला मुलगा सायकलवर पाठवावा.

हा धंदा फक्त स्वयंपाक्याचा नाही. वाफेची भांडी बनवणारा आणि दुरुस्त करणारा, वेताच्या टोपल्या विणणारा बुरूड, पुठ्ठ्याचे डबे करणारा, खिमा पुरवणारा खाटीक, या सर्वांना त्यात वाटा आहे. धंदा लहान दिसतो म्हणून हसू नये. २००८ साली कोलकात्यात सागर दर्यानी आणि बिनोद होमगाई या दोन मित्रांनी तीस हजार रुपयांवर मोमोचे दुकान काढले. 'वाव मोमो' हे त्यांचे नाव पुढे देशभर गेले.

असेही बोलले जाईल की ही चार दिवसांची हौस आहे. असेल. पण घरी नेऊन खाण्याची सवय जाणारी नाही. आज डिमसम आहे, उद्या दुसरे काही येईल, आणि तेही डब्यातूनच जाईल. डबा नीट बांधायला शिकलेला दुकानदार तेव्हाही टिकेल.

म्हणून ज्यांचा खाण्याचा धंदा आहे त्यांनी एक परीक्षा करावी. आपल्याच दुकानाचे पार्सल बांधून घ्यावे, अर्धा तास तसेच ठेवावे आणि मग घरच्या माणसांपुढे उघडावे. सर्वांनी हात पुढे केला तर धंदा नीट चालला आहे. एकाने जरी नाक मुरडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीपेक्षा आधी डब्याकडे पाहावे.