तारखेसकट पृथ्वी

धुळ्याच्या माळावर भिंतीसारख्या सरळ धावणाऱ्या काळ्या दगडांच्या रांगा पाहिल्यात ना? जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरून थिजला, भोवतालचा खडक झिजत गेला आणि भिंत उरली. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. परवा लळिंगच्या टपरीवर हे ऐकून माझा ख्रिस्ती मित्र म्हणाला, "अशर बिशपांच्या हिशोबात तुझी भिंत बसत नाही बुवा." आयर्लंडच्या जेम्स अशरने 1650 साली बायबलातल्या वंशावळी जोडून जगाचा जन्म इसवी सनपूर्व 4004 मध्ये नेऊन ठेवला, वर 23 ऑक्टोबर ही तारीखही दिली! पण उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्यच चौथ्या दिवशी उगवतो. मग आधीचे तीन दिवस कुठल्या घड्याळाने मोजायचे? संत ऑगस्टीनलाही सोळाशे वर्षांपूर्वी ते दिवस कसले, हे उमगेना. अशरला हसणाऱ्यांनी जरा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला यावं. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख तिथे आहे, आणि 'कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, 432 कोटी वर्षांचा, शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय म्हणतात 454, म्हणजे आमचंच खरं' असं छातीठोक सांगणारे हौशे-गवशेही. हा निव्वळ योगायोग आहे. भास्कराचार्यांच्याच सिद्धांतगणितात कल्पाची उलटलेली वर्षं जेमतेम 197 कोटी, ती मात्र सोयीस्करपणे गाळतात. पृथ्वीचं वय 1956 साली क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून काढलं. वंशावळ अन् पोथी, दोन्ही बाजूला ठेवून.