पाळीचे दुखणे लपवू नका

भगिनींनो, धानाच्या बांधीत पाणी केव्हा घ्यायचे आणि केव्हा सोडायचे, हे ठरलेले असते. शरीराचेही तसेच आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. ती रक्तातून संप्रेरके, म्हणजे हार्मोन, धाडते. त्यांच्यामुळे बीजकोशात बीज पिकते. बीजकोशाची संप्रेरके गर्भाशयाचे अस्तर तयार करतात. गर्भ राहिला नाही की ही संप्रेरके कमी होतात, अस्तर गळते, तीच पाळी. मग विटाळ कसला? कुर्माघरात बसणाऱ्या लेकीसुनेलाही हे समजावून सांगा.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली तरी पाळी बिघडते, दिवस राहायला अडचण येते. या ग्रंथीला आयोडीन लागते. म्हणून आयोडीनयुक्त मीठच आणावे व झाकून ठेवावे.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले. कुणाला जंतुसंसर्ग, कुणाला पाळीच्या तक्रारी. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम ८! बाकीच्या मुकाट्याने रोवणी-कापणी करीत होत्या.

तेव्हा पाळीच्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा. अंगावरून सात दिवसांहून अधिक जाणे, दिवस नसताना तीन महिने पाळी न येणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, गळ्याला सूज येणे, यांतले काहीही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. घरधन्यांनो, बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठतो. घरच्या लक्ष्मीला का थांबवता?