सोळाव्या वर्षाचें भय कोणाला?

जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. २०१४ सालीं तिजवर इंग्रजी चित्रपट निघाला, आणि २०२० सालच्या ‘दिल बेचारा’ या हिंदी चित्रपटानें तिचें कथानक इंग्रजी न वाचणाऱ्या घरांतहि नेलें. सोळा वर्षांची हेझल आणि सतरा वर्षांचा ऑगस्टस हीं दोघेंहि कर्करोगानें पछाडलेलीं. त्यांचें एकमेकांवर प्रेम जडतें, आणि अखेर ऑगस्टस मरतो. कथानक एवढेंच. परंतु या पुस्तकाविषयीं सुशिक्षित मंडळींचीं मतें ऐकलीं म्हणजे पुस्तकापेक्षां वाचकांचेंच परीक्षण करावें असें वाटूं लागतें.

पहिला पक्ष पालकांचा. असलें अभद्र वाङ्मय वाढत्या मुलांच्या हातीं पडूं नये, असें त्यांचें म्हणणें. हा सूर केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. २०१३ सालीं लंडनच्या ‘डेली मेल’नें अशा कादंबऱ्यांना ‘सिक-लिट’ म्हणून हिणविलेंच होतें. आमचे पालक त्यांत आणखी एक भर घालतात: हें सारें पाश्चात्त्य निराशेचें पीक असून आपल्या परंपरेंत मुलांना मृत्यूच्या गोष्टी सांगत नाहींत! हें विधान इतर कोठें कोणीं केलें असतें तर सोडून देतां आलें असतें. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखांत तें ऐकून मात्र आश्चर्य वाटतें. चामोर्शी तालुक्यांत, जेथें वैनगंगा उत्तरेकडे वळते, तेथें मार्कंड्याचीं प्राचीन देवळें उभीं आहेत. महाशिवरात्रीच्या जत्रेला लोक तेथें लेंकरें कडेवर घेऊन जातात. ज्याच्या नांवानें हें क्षेत्र ओळखलें जातें तो मार्कंडेय कोण? ज्याचें आयुष्य सोळा वर्षांचेंच ठरलें होतें तो मुलगा! दीर्घायुषी पण मूढ पुत्र हवा कीं अल्पायुषी पण गुणी, असें शंकरानें विचारलें, आणि मृकंड ऋषीनें दुसरा मागितला. सोळाव्या वर्षीं येणाऱ्या मरणाची ही कथा आमच्या आज्यांनीं नातवंडांना बिनदिक्कत सांगितली. त्यांना ती अभद्र वाटली नाहीं.

यावर उत्तर तयार असतें: “अहो, पण मार्कंडेय वांचतो आणि ऑगस्टस मरतो!” आक्षेप पोकळ नाहीं. ऐकणाऱ्या मुलाला त्या सुटकेचा धीर वाटतो, हें कोण नाकारील? परंतु कथेचा मध्य कोठें आहे तें पाहावें. सोळावें वर्ष जवळ येतांच आईबापांचीं तोंडें उतरतात. मुलगा कारण विचारतो, आणि बाप त्याला खरें सांगतो. खरें कळलें म्हणूनच उरलेला काळ कसा घालवावयाचा हें त्या मुलाला ठरवितां आलें, आणि पाश येऊन पडला तेव्हां तो पिंडीला मिठी मारून बसलेला होता. यमाला परतविणें हें देवाचें काम; खरें सांगणें हें बापाचें. पहिलें आपल्या हातीं नाहीं, दुसरें आहे.

ग्रीनच्या कादंबरीचा जीव याच ठिकाणीं आहे. हेझलची आई समाजसेवेचें उच्च शिक्षण चोरून घेत असते. आपल्यामागें आई कसें जगेल याची तयारी चालली आहे असें मुलीला वाटूं नये, ही तिची धडपड. आणि मुलीला तें कळतें तेव्हां ती दुखावत नाहीं. उलट तिचा जीव भांड्यांत पडतो! ऑगस्टस तर आपल्यावरचीं मृत्युलेखाचीं भाषणें जिवंतपणींच मित्रांकडून वाचवून घेतो. “आम्ही फार रडलों, पुस्तक उत्तम,” म्हणणारा जो दुसरा पक्ष आहे, त्यानें हींच पानें रुमालाआड दडविलीं आहेत. अश्रू पुष्कळ सामान्य पुस्तकेंहि काढतात. त्यावरून पुस्तकाची योग्यता ठरत नाहीं.

तिसरा पक्ष म्हणतो, मुलें इतकें शहाणपणानें बोलत नाहींत. संवादांत लेखकाचा स्वर अधूनमधून डोकावतो, हें मान्य. पण मुलें असा विचारच करीत नाहींत, हें अमान्य. ही कादंबरी ज्या एस्थर अर्ल नांवाच्या मुलीला अर्पण केली आहे, ती २०१० सालीं, सोळाव्या वर्षींच, कर्करोगानें वारली. मागें राहिलेल्या तिच्या लिखाणाचें पुस्तक २०१४ सालीं निघालें आहे. शंकेखोरांनीं तें चाळावें.

आणि दूर कशाला जावयाचें? आमच्या याच अरण्यप्रदेशांत सिकलसेल हा रक्ताचा विकार जन्मापासून अंगीं घेऊन मुलें वाढतात, शाळेंत येतात, वेदना उठली कीं बाकावरच कळवळतात. त्यांच्यापासून आपण मृत्यु लपवूं शकत नाहीं. लपतें तें फक्त त्याविषयींचें बोलणें. मग तें मूल भीतीशीं एकटेंच झुंजतें, आणि आईबाप शेजारच्या खोलींत कुजबुजत बसतात.

म्हणून पालकांना एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हें पुस्तक मुलाच्या हातून काढून घेण्याआधीं तें स्वतः एकदां शेवटपर्यंत वाचा. नंतर मुलानें कांहीं विचारलें, तर विषय बदलूं नका. मृकंडानें बदलला नव्हता.