तीस दिवसांची गोळी

हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत अजून मेलेली नाही. गादीवर बसणाऱ्या शेटजीच्याच छातीत कळ येते आणि उन्हात राबणाऱ्या मजुराला असले काही होत नाही, असे मानणे अनेकांना सोयीचे वाटते. सोयीचे अशासाठी, की जो रोग गरिबाला होतच नाही त्याच्या औषधाची तरतूद करण्याचे कारण उरत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला, किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. एवढी मोठी संख्या केवळ शेटजींची असू शकत नाही.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव राज्यभर पोचते ते मृत्यूंच्या बातम्यांतून. कर्जापायी होणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ते पोचले आणि २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले तेव्हाही पोचले. परंतु झरी-जामणीच्या पोडावर किंवा घाटंजीच्या एखाद्या खेड्यात पन्नाशीतला माणूस पहाटे उठतच नाही, अथवा उठतो तो एक अंग लुळे पडून, तेव्हा बातमी होत नाही. ‘अटॅक आला’ एवढे दोन शब्द उच्चारून गाव तिरडी बांधायला लागते. चौकशी समिती नेमावी असे कोणालाच वाटत नाही, कारण या मृत्यूला दैवाखेरीज कोणी जबाबदार आहे हेच मान्य नसते.

आणि तरीही यांपैकी बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. रक्तदाब उतरवणारी अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारखी औषधे आज जुनी झाली आहेत. वरचा रक्तदाब दहा अंशांनी खाली आणला, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकारांचा धोका सुमारे एक-पंचमांशाने आणि पक्षाघाताचा धोका सुमारे एक-चतुर्थांशाने घटतो, हे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झाले आहे. १९७३ मध्ये जपानमध्ये अकिरा एंडो यांनी बुरशीपासून कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य शोधले. त्यातून निघालेले स्टॅटिन हे १९८७ मध्ये अमेरिकेत प्रथम विक्रीस आले आणि आज भारतातील अनेक कंपन्या ते बनवतात. अशी औषधे एकत्र केलेली एकच गोळी इराणच्या खेड्यांत पाच वर्षे देऊन पाहिली, तेव्हा हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या गंभीर घटना सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. प्रत्येक औषध प्रत्येकासाठी असते असे मात्र नव्हे. ज्याला पूर्वी हृदयविकार झालेला नाही त्याने नुसत्या खबरदारीखातर रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका लाभावर मात करतो, हे २०१८ च्या चाचण्यांनी दाखवले आहे. खर्रा तसाच चालू ठेवून गोळीच्या भरवशावर राहणाऱ्याचेही भले होणार नाही.

तेव्हा शास्त्राची अडचण नाही. अडचण आहे ती गोळी माणसापर्यंत पोचण्याची. रक्तदाब दुखत नाही. म्हणून जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवून जाणे माणसाला पटत नाही. वेचणीच्या दिवसांत कापूस वेचणाऱ्या बाईला किलोच्या हिशेबाने पैसे मिळतात. आरोग्य केंद्रात जाण्यात तिचा दिवस गेला, तर त्या दिवसाची चूल विझते. अशा बाईच्या हाती दहा दिवसांच्या गोळ्या ठेवल्या, तर तिने महिन्यातून तीन दिवस मजुरी सोडावी अशी अपेक्षा केल्यासारखे होते. दुसऱ्या खेपेला ‘साठा संपला’ हे उत्तर मिळाले, की तिसरी खेप होत नाही. मग तिच्यावर ठपका येतो, की रुग्ण औषध नियमित घेत नाहीत!

शासन खर्च करत नाही असे नाही. प्रश्न आहे तो कोणत्या वेळी करते याचा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तीतून रुग्णालयात दाखल झालेल्याच्या हृदयावरील शस्त्रक्रियेचे पैसे दिले जातात. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, तेही योग्यच झाले. परंतु ज्या गोळीमुळे स्टेंट बसवण्याची वेळच टळावी, ती रोजची गोळी या योजनेत बसत नाही. घर जळाल्यावर बंब धाडायचा आणि विहिरीवर दोर मात्र ठेवायचा नाही, असा हा कारभार आहे.

किमतीची कहाणीही अशीच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने देशी कारखान्यांना स्वस्त औषधे बनवण्याची वाट मोकळी केली. १९७५ मध्ये हाथी समितीने औषधे मूळ नावाने विकावीत आणि परदेशी औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे, अशा शिफारशी केल्या. त्या बासनात पडल्या. २०१३ च्या आदेशाने कमाल किंमत उत्पादनखर्चावरून नव्हे, तर बाजारभावाच्या सरासरीवरून ठरू लागली. जुलै २०१४ मध्ये मधुमेह व हृदयविकारावरील १०८ औषधप्रकारांच्या किमतींना राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने लगाम घातला; ज्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे तो घातला त्या केंद्राच्या निर्देशावरून सप्टेंबरातच मागे घेण्यात आल्या. एप्रिल २०२२ मध्ये नियंत्रित औषधांना दहा टक्क्यांहून आणि एप्रिल २०२३ मध्ये बारा टक्क्यांहून अधिक दरवाढीची मुभा मिळाली. कापसाच्या भावाला अशी हमखास वाढ कोणी दिली आहे काय?

मार्ग अज्ञात नाही. वर्धा नदी ओलांडली, की पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये हाती घेण्यात आला, त्याच्या महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत तो होता. त्याची सूत्रे साधी होती: उपचाराचा एकच ठरलेला क्रम, मोजकी औषधे, अखंड साठा, घराजवळ मिळणारी महिन्याची गोळी आणि कोणाचा रक्तदाब आटोक्यात आला याची नोंद.

हेच झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत प्रत्येक उपकेंद्रात दिसले पाहिजे. तीस दिवसांची औषधे एका खेपेत मिळावीत. आठवडी बाजाराच्या दिवशी रक्तदाब तपासणी व्हावी. साठ्याचा फलक दारावर लावावा आणि साठा संपल्यास जबाबदार अधिकाऱ्याला ग्रामसभेत उत्तर देणे भाग पडावे. घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकेकडून हे काम घ्यायचे, तर तिला त्याचा रास्त मोबदलाही मिळाला पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण चिठ्ठी फुकट आणि औषध बाहेरून, असा त्याचा अर्थ होता कामा नये.

या जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. त्यांच्यापैकी एकाच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळात उभे आहे. तेथवर पोचलेला रुग्ण वाचावाच. परंतु तेथवर जाण्याची पाळी येऊ नये, म्हणून लागणारी गोळी चहाच्या कपाहून स्वस्त आहे. ती गावात पोचवता येत नसेल, तर दोष दैवाचा नव्हे, राज्यकर्त्यांचा आहे. आणि तो त्यांच्या दारी जाऊन विचारण्याचे काम गावांनाच करावे लागेल.