सहा माणसं, तीन तिकिटं



सुट्टी जवळ आली की आमच्या घरात पहिला प्रश्न "कुठे जायचं?" हा नसतो. "गाडी कुणाची?" हा असतो. कुणाची सातसीटर मिळते का, मिळाली तर चालवणार कोण, त्यात कोण मावेल आणि कोण घरी राहील.. एवढं ठरलं की मग कुठे जायचं ते बघू! आणि घरी राहणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव नेहमी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. "आजीला दगदग होईल" असं म्हणायचं, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

मला हे पटत नाही. कसं आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जणांनी सात दिवसांची सहल फक्त एसटी आणि रेल्वेने केली, तेव्हापासून निम्म्या नातेवाईकांनी "तुझा तो प्लॅन पाठव" म्हणून मागे लकडा लावलाय. तर मंडळी, हा घ्या प्लॅन, आणि त्याच्यासोबत माझं मतही ऐकून घ्या. फुकट काही मिळत नाही :-)

आधी आपली अडचण. अवसरी बुद्रुकला रेल्वे नाही. अवसरीलाच काय, अख्ख्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यात रुळाचा तुकडा नाही. पुणे-नाशिक रेल्वेबद्दल आपण लहानपणापासून ऐकतोय. अलीकडे मंचर-नारायणगाववरून जाणारी आखणी झाली, तर ती खोडदच्या महादुर्बिणीच्या मुद्द्यावर अडली. दुर्बीण महत्त्वाची आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक प्रवासाची पहिली आणि शेवटची कडी म्हणजे मंचरचं एसटी स्टँड. मधे तुम्ही वंदे भारतने जा नाहीतर राजधानीने, सुरुवात आणि शेवट मंचरलाच.

म्हणून माझा पहिला नियम असा, की बेत शेवटापासून आखायचा. लोक निघायची वेळ आधी ठरवतात. मी परतायची ठरवतो. परतीच्या दिवशी अंधार पडायच्या आत मंचरला पोचलंच पाहिजे. हे शहरातल्या वाचकांना विचित्र वाटेल, पण आपल्याकडे उसाच्या कडेने रात्री चालत जाणं आता कुणी करत नाही. बिबट्या ही आपल्या भागात गोष्टीतली गोष्ट राहिलेली नाही. लहान मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन रात्री फाट्यावर उतरणं नको. त्यामुळे शेवटचा टप्पा लहान आणि सकाळचा ठेवायचा. बाकी सगळं त्याच्या मागे मागे रचत जायचं.

असं मागून रचत गेलो तेव्हा एक गोल तयार झाला. गेलो त्याच वाटेने परत येणं मला आवडत नाही, आणि आपल्या गावाचं नशीब असं की पुण्याकडून निघून माळशेजकडून परत येता येतं. गोल असा:

अवसरी - मंचर - पुणे - मिरज - कोल्हापूर - रत्नागिरी - ठाणे-डोंबिवली - कल्याण - माळशेज घाट - आळेफाटा - मंचर - अवसरी.

पहिला दिवस: सकाळी लवकर मंचरहून पुण्याची एसटी. अंतर साठेक किलोमीटर, पण चाकणची कोंडी किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. शिवाय शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलं, तिथून पुणे स्टेशन गाठायला पुन्हा वेळ. म्हणून दुसरा नियम: एसटीतून रेल्वेत बदलताना निदान दोन तास मोकळे ठेवायचे. रेल्वेतून एसटीत बदलताना इतकी गरज नसते, कारण एक एसटी गेली तर दुसरी असते. आरक्षण असलेली रेल्वे एकदा गेली की गेली. साधी गोष्ट आहे, पण बेत फसतात ते बहुतेक इथेच.

दुपारी पुण्याहून कोयना एक्सप्रेस. झोपून जायचं तर रात्रीची महालक्ष्मी आहे, पण मुलांना खिडकीतून सातारा-कऱ्हाडचा पट्टा दिसावा म्हणून दिवसाची गाडी. संध्याकाळी मिरज. मिरजेत कशाला उतरायचं, असं सगळ्यांनी विचारलं. मिरज म्हणजे लोकांना फक्त गाडी बदलायचं स्टेशन वाटतं. एके काळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. बार्शी लाईटची ती अडीच फुटी गाडी पंढरपूरहून मिरजेत येऊन थांबायची. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन जाणारी गाडी निघाली तीही मिरजेहूनच. आणि रुळांपलीकडे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची ती गल्ली, जिथे भोपळ्यातून तंबोरा घडताना बघता येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या मुलांनी तिथे अर्धा दिवस काढला आणि एकदाही मोबाईल मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूर, रेल्वेने तासाभराच्या आसपासची वाट. तिसरा दिवस पूर्ण कोल्हापूरचा. अंबाबाई, रंकाळा आणि मिसळ.. यावर मी लिहायची गरज नाही.

चौथ्या दिवशी कोल्हापूरहून रत्नागिरीला एसटीने, आंबा घाटातून. इथे रेल्वेचा नकाशा उघडून बघा. कोल्हापूर आणि कोकण यांच्या मधे रेल्वेच नाही! कोल्हापूर-वैभववाडी मार्ग अजून कागदावर आहे. रेल्वेने जायचं म्हटलं तर केवढातरी वळसा, आणि एसटी मात्र सव्वाशे-दीडशे किलोमीटरमध्ये सरळ घाट उतरून समुद्राला नेऊन पोचवते. हीच गोष्ट मला मुलांना दाखवायची होती. रेल्वे आणि एसटी या दोन स्पर्धक गोष्टी नाहीत. जिथे रूळ संपतात तिथून लाल डबा पुढे नेतो. गमतीची गोष्ट म्हणजे डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली १ जून १९३० ला आणि पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली १ जून १९४८ ला. दोघींचा वाढदिवस एकच.

पाचवा दिवस गणपतीपुळे आणि थिबा राजवाडा. सहाव्या दिवशी रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने ठाणे. रत्नागिरीचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचा वेळ धरा. स्टेशन सोडलं की थोड्याच वेळात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. मुलं मोजत बसली होती. पावसाळ्यात जाणार असाल तर लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या हळू चालवतात, वेळा बदलतात. रात्री मुक्काम डोंबिवलीच्या मामांकडे. (मामा, हे वाचत असाल तर मामींच्या हातच्या वालाच्या बिरड्याला पुन्हा एकदा नमस्कार!)

सातव्या दिवशी सकाळी कल्याण. तिथलं एसटी स्टँड रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे, सामान घेऊन फार चालावं लागत नाही. तिथून माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा. आळेफाट्याला पुण्याकडची कुठलीही गाडी पकडा, नारायणगाव, कळंब, मंचर. ऊन असतानाच घरी.

आता पैशाचं. आमच्या सहा जणांत मी, बायको, माझी मोठी बहीण, दोन मुलं (दोघंही बाराच्या आतली) आणि आई, वय ७६. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला राज्यात मोफत प्रवास. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. मुलांना अर्धं पूर्वीपासूनच आहे. म्हणजे आई फुकट, चार जण अर्धे आणि पूर्ण तिकीट फक्त माझं. सहा माणसं, तीन तिकिटं! घरात पुरुष जास्त असतील आणि फिरणं एसटीनेच असेल, तर १९८८ पासून चालू असलेला 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. मात्र आधी हिशेब करून बघा, सवलतीच्या तिकिटापेक्षा तो महाग पडू शकतो.

रेल्वेत मात्र उलटं आहे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत आलेली नाही. आरक्षणही आता १२० नाही तर ६० दिवस आधीच उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. एक उपयोगाची गोष्ट सांगतो. रात्रीच्या गाडीत आईवडिलांना खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा जो कोटा आहे, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. सगळं कुटुंब एका तिकिटावर घातलंत की तो हक्क गेला.

माझा धाकटा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, एवढी डोकेफोड करण्यापेक्षा एर्टिगा भाड्याने घे की!" त्याचं अगदीच चूक नाही. सहा जणांत भाड्याची गाडी फार महाग पडत नाही, पाहिजे तिथे थांबवता येते, सामान वाहावं लागत नाही. एसटीच्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत आणि स्टँडवरची स्वच्छतागृहं हा बायकांसाठी खरोखर अडचणीचा विषय आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एसटीची पायरी उंच पडते हेही खरं. आम्ही प्रत्येक टप्पा चार-पाच तासांच्या आत ठेवायचा प्रयत्न केला तो त्यासाठीच. कोयना आणि मांडवीने हा हिशेब मोडला, पण रेल्वेत निदान उठून फिरता येतं आणि संडास असतो.

पण भाड्याच्या गाडीत एक गोष्ट होते ती तो विसरतो. गाडीत बसलेलं म्हातारं माणूस सतत दुसऱ्याच्या मर्जीवर असतं. "थांबवू का? पाणी हवंय का? तुमच्यामुळे उशीर होतोय" हे कुणी बोलत नाही, पण तिला ते ऐकू येत असतं. एसटीत आईने कंडक्टरपुढे स्वतः आधार कार्ड धरलं, स्वतःचं शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि ते जपून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. शेजारच्या बाईशी संगमेश्वरच्या लेकीपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं बोलून झालं. तिथे ती कुणाची जबाबदारी नव्हती. ती प्रवासी होती.

वडील गेल्यापासून आई स्वतःच्या मनाने कुठे गेली नव्हती. कुणीतरी "चल, सोडतो" म्हणायचं, मग ती निघायची. या सहलीनंतर महिन्याभरात एक दिवस ती एकटी मंचरला गेली आणि नारायणगावला माझ्या मावशीकडे जाऊन संध्याकाळच्या आत परत आली. आम्हाला नंतर कळलं. मी आधी रागावणार होतो.. पण रागावायचं कशावर? पंचवीस वर्षांत ही गोष्ट ती विसरली असेल असं आम्हाला वाटत होतं, आणि ती विसरली नव्हती, एवढंच.

म्हणून मला वाटतं की गाडीच्या सोयीचा हिशेब करताना आपण चुकीच्या माणसापासून सुरुवात करतो. जो गाडी चालवतो त्याची सोय बघतो. ज्याला गाडी चालवता येत नाही, ज्याच्याकडे ती नाही, जो कुणाला म्हणू शकत नाही, त्याच्यापासून सुरुवात केली तर हिशेब वेगळा येतो. घरातली शाळकरी पोरगी आणि म्हातारी आई, दोघींचं घराबाहेरचं जग आजही एसटीच्या वेळापत्रकाएवढंच मोठं आहे. गाडीत बसणाऱ्यांनी एसटी सोडली की फेऱ्या कमी होतात, आणि फेरी बंद झाली की पहिल्यांदा त्या दोघी घरी बसतात. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात खेड्यापाड्यांतल्या किती मुलींची शाळा-कॉलेजं अडली ते आपण पाहिलंय.

मी कार विकून टाका म्हणत नाही. माझ्याकडेही एक जुनी आहे. वर्षातली एक सहल तरी अशी करा, एवढंच म्हणणं आहे. आणि बेत आखताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा. कुठली गाडी कुठे बदलते, कुठल्या स्टँडावर चहा बरा मिळतो हे त्यांना नेटपेक्षा जास्त माहीत असतं. आळेफाट्याला उतरायचं ही सूचना आईचीच होती. मी पुण्यावरून परत यायचं म्हणत होतो.

असो. बरंच लांबलं. पुढच्या सुट्टीत कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा बेत मनात आहे. त्या बाजूच्या मंडळींनी वाट सुचवली तर बरं होईल. आईने आत्ताच विचारलंय, "तुळजापूरला एसटी जाते ना रे?"